उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या कोकणात मे महिना लागला की कुवेत, दुबई, कतारहून माणसं घरी येतात आणि अंगणात ताडपत्रीखाली आठ-दहा महिने उभी असलेली गाडी पहिल्याच दिवशी 'टक्' करून गप्प बसते. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी बहिणीचा निकाह. त्याने बॅटरी काढून माजघरात आणली, कुणाचा तरी चार्जर लावला आणि दार लोटून घेतलं. पहाटे चार्जरचं बटन चालू असतानाच त्याने चिमटा ओढला. ठिणगी उडाली, फटाक्यासारखा आवाज झाला आणि झाकण फुटून ॲसिड त्याच्या तोंडावर आलं. चाचींनी त्याला तसाच नळाखाली धरला, वीस मिनिटं डोळे धुतले, मग दवाखान्यात नेलं. डोळे वाचले. निकाहाच्या फोटोंत तो काळा चष्मा लावून उभा आहे.

बॅटरी चार्ज होताना आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो ठिणगीने पेटू शकतो. 'मेंटेनन्स-फ्री' बॅटरीही याला अपवाद नाही. म्हणून चार्जिंग पडवीत, मोकळ्या हवेत, मुलांपासून लांब. गुरुवारी लोबान फिरवणाऱ्या अम्मींनाही आधी सांगून ठेवा. आणि पाणी किती उरलंय ते बघायला आत काडी पेटवून डोकावणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत!

चिमटे लावताना बटन बंद. लाल अधिक टोकाला, काळा उणे टोकाला, मग बटन. काढताना आधी बटन. बॅटरी गाडीतून सोडवताना मात्र उणे टोक आधी सोडायचं आणि बसवताना शेवटी लावायचं. गाडीचा सगळा पत्रा उण्याला जोडलेला असतो. अधिकचा नट फिरवताना पाना पत्र्याला टेकला, तर तिथेच ठिणगी. अंगठी, बांगड्या काढून ठेवा, चष्मा लावा.

घाई नको. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा पुरे. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. हाताला गरम लागली तर बंद करा. चार्जिंगनंतर काही तास थांबून मीटर लावा : १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर भरली. स्टार्ट-स्टॉपच्या नव्या गाड्यांना वेगळा चार्जर लागतो, मेकॅनिकला विचारा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही खुणेपर्यंतच. विहिरीचं पाणी नाही, ॲसिड तर नाहीच. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने निघते. झाकणं घट्ट लावून घासा, थेंब आत जाऊ नये. पुसून वर व्हॅसलीन.

गाडी उभीच राहणार असेल तर रोज दोन मिनिटं इंजिन सुरू करून काही साधत नाही. स्टार्टर खातो तेवढंही परत भरत नाही. कुणी आठवड्यातून अर्धा तास चालवणारं असेल तर उत्तम. नसेल तर उणे टोक सोडून ठेवा. आल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत रेडिओ कोड मागेल.

यंदा परत जाताना चुलतभावाने तेच केलं, आणि दहाचा पाना चाचींच्या कपाटात ठेवून गेला.