सात नंबरचं टेबल



संपादकीयात फुलं-मेणबत्त्यांवर काय लिहायचं, असं काहींना वाटेल. सप्टेंबर 2023 मध्ये माझ्या भाचीचं रिसेप्शन इथे न्यू जर्सीत झालं. 300 पाहुणे, 30 टेबलं, आणि ती सजवायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी जे झालं ते लिहायचं मी बरेच दिवस टाळलं, कारण त्यात चूक माझीच आहे.

सुरुवात झाली फ्लोरिस्टच्या कोटेशनपासून. एका टेबलाच्या सेंटरपीसचा आकडा ऐकून ताई खाली बसली. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक कापीव फुलं कोलंबिया आणि इक्वेडोरमधून येतात, विमानाने मायामीला उतरतात आणि तिथून देशभर जातात. बोगोताच्या पठारावरच्या हरितगृहांत राबणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. व्हॅलेंटाइन्स डे आणि मदर्स डे जवळ आले की त्यांच्या कामाचे तास वाढत जातात, आणि औषधफवारणीच्या त्रासाबद्दल त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. शिवाय ही फुलं ज्या हिरव्या स्पंजात खोचतात तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे चक्क प्लास्टिक. फुलं दोन दिवसांत कुजतात, स्पंज मागे राहतो. हे सगळं मी उत्साहाने ऐकवलं. भाची म्हणाली, "मावशी, मग आपणच फुलं लावूया."

चार घरांच्या बॅकयार्डमध्ये मे महिन्यात झेंडूची रोपं लागली. झेंडूसाठी इथे वेगळं काही करावं लागत नाही. ऊन द्या, सुकलेली फुलं खुडत राहा, थंडीचा पहिला कडाका पडेपर्यंत तो फुलतच राहतो. आणि का फुलणार नाही? तो मूळचा मेक्सिकोचा. आपण त्याला दसऱ्याचा म्हणतो, पण आपल्याकडे तो पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. (इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

मेणबत्त्यांवरून मात्र वाद झाला. "लग्नात मेणबत्त्या? लाईट गेलेत का?" हा प्रश्न मला पाच वेगवेगळ्या लोकांनी विचारला. समया ठेवायची सर्वांची इच्छा होती. पण हॉलचा नियम असा की ज्योत काचेच्या आत हवी, आणि काचेच्या काठाच्या वर येता कामा नये. म्हणून काचेचे खोलगट बाउल आणले, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, वर तरंगती मेणबत्ती आणि भोवती झेंडू. बाउलची उंची वीतभरच ठेवली. 72 इंची गोल टेबलाला दहा माणसं बसतात, आणि मधे फुलांचा मनोरा असला की समोरच्याचं फक्त कपाळ दिसतं. सोबत छोट्या टी-लाईट घेतल्या होत्या, त्या जेमतेम चार तास जळतात. पत्रिकेत सहा लिहिलं की आपली माणसं साडेसातला येतात, म्हणून त्या पहिल्या पाहुण्याचं तोंड दिसल्यावरच पेटवायच्या असं ठरलं. आणि मेणबत्त्या सगळ्या बिनवासाच्या, कारण वासाचं काम गजऱ्यांकडे होतं.

गजरे ही माझी कल्पना. आपल्याकडे पूर्वी मांडवाच्या दारातच अत्तर, गुलाबपाणी आणि बायकांना गजरा मिळायचा. तो दारात न देता टेबलावर ठेवायचा. प्रत्येक टेबलावर, ज्योतीपासून लांब, एका ताटलीत ओल्या फडक्यावर तिथे बसणाऱ्या बायकांइतके मोगऱ्याचे गजरे. इथल्या देशी दुकानात भारतातून विमानाने येणारे गजरे मिळतात. एवढे एकदम हवेत म्हटल्यावर दुकानदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. (कोलंबियाच्या विमानावर नाक मुरडून भारताच्या विमानातली फुलं घेतली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.)

आता सात नंबरचं टेबल. स्टेजच्या जवळ, स्पीकरपासून लांब, म्हणून तिथे वयस्कर मंडळी बसवली होती. त्यांत सात बायका, आणि सातही जणींचे नवरे गेलेले. त्यांतली एक माझी आत्या, खास लग्नासाठी साताऱ्याहून आलेली, वय 81. काका 1989 मध्ये गेले.

आम्ही ताटल्या मांडत होतो, तेव्हा आमच्यातलीच एक मैत्रीण हळूच म्हणाली, "सातवर नको ठेवायला. उगीच त्यांना अवघडल्यासारखं होईल." तिचा हेतू वाईट नव्हता. आणि मी? मी मान डोलावली आणि ती ताटली उचलून खाली खोक्यात ठेवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे गावात होऊ द्यायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आठवतंय ना? आपण सगळ्यांनी ती बातमी एकमेकांना पाठवली होती. मी तर चार ठिकाणी पाठवली. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे जमलं, ते मला सोळा महिन्यांनी न्यू जर्सीतल्या एका टेबलापुरतंही जमलं नाही.

भाची फोटोसाठी लवकर आली होती. टेबलं बघत फिरताना ती सातपाशी थांबली. "मावशी, गजरे कमी पडले का?"

"नाही, कमी नाही पडले."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "त्यांना विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. ताटली पुन्हा वर आली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण नंतर काहींनी उलट बाजूने ऐकवलं. चौतीस वर्षं ज्या बाईने फूल माळलेलं नाही, तिच्या केसांत 300 माणसांसमोर गजरा खोचायचा, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा, हेही मला मान्य नाही. असे सत्काराचे कार्यक्रम मी पाहिले आहेत. त्यांत त्या बाईच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही. पण हात पुरेल इतक्या अंतरावर, सगळ्यांसारखाच, काही न बोलता ठेवणं वेगळं. नको म्हणण्यासाठीसुद्धा वस्तू समोर असावी लागते. आम्ही त्यांना अवघडलेपणातून वाचवत नव्हतो, आमचंच अवघडलेपण खोक्यात लपवत होतो.

हॉलमध्ये टेबलक्लॉथ घालायला मेक्सिकोतल्या पुएब्ला भागातल्या एक बाई होत्या. झेंडू बघून त्या हसल्या. त्यांच्याकडे हीच फुलं आणि मेणबत्त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरात मांडतात, गेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून. "लग्नात पहिल्यांदाच बघते आहे," त्या म्हणाल्या, "पण छान दिसतंय." ताईने ते ऐकलं आणि ती जरा दचकली. मग म्हणाली, "पुरुषोत्तमालाही तेच वाहतो की आपण." ती असं का म्हणाली ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

सातवरच्या सातांपैकी चौघींनी गजरे उचलले. एकीने लगेच माळला, शेजारणीकडून पिन मागून. दोघींनी मनगटाला गुंडाळले, एकीने नातीला दिला. दोघींनी हात लावला नाही, आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही. आत्याने आपला गजरा बराच वेळ ताटलीतच ठेवला होता. जेवण झाल्यावर पाहिलं तर तोही नव्हता. निघताना आम्ही झेंडू बादल्यांत भरले, थोडे त्या पुएब्लाच्या बाई घेऊन गेल्या, बाकीचे बॅकयार्डच्या खतात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी फ्रिज उघडला, तर दुधाच्या कार्टनशेजारी पेपर नॅपकिनची एक पुरचुंडी होती.

"उघडू नकोस गं," आत्या मागून म्हणाली. "गार राहू दे. तुम्ही सगळे पोरांना सोडायला विमानतळावर गेलात, की बघेन."