पाणि, पाणी आणि खडू

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर वॉचमनमामांनी खडूने लिहिलं, 'टाकीत पाणि नाही.' तोंडाला साबण लावून हे वाचणाऱ्या माणसाला यातून जे कळायचं ते लगेच कळतं. पण आमचे चिटणीस पडले जुन्या मॅट्रिकचे, तेही संस्कृत घेऊन. त्यांनी चारचौघांत मामांना हाक मारली, "अहो मामा, पाणि म्हणजे हात! टाकीत हात नाही, असं लिहिलंत तुम्ही!" मंडळी खो खो हसली. मामाही ओशाळं हसले.

मला भांडायचं आहे ते या हसण्याशी.

एक तर चिटणीसांचं व्याकरणच कच्चं. मराठीत 1962 सालापासून जे लेखनाचे नियम चालत आले, त्यांप्रमाणे संस्कृतातून आलेल्या शब्दाचाही शेवटचा इकार दीर्घच लिहायचा. 'कवि'चा 'कवी' झाला तो असा. म्हणजे एकटादुकटा हात मराठीत आला, तर तोही 'पाणी'च! ह्रस्व राहतो तो फक्त समासात, 'पाणिग्रहण' वगैरेत. आणि खुद्द चिटणीसांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत 'पाणीग्रहण' छापलं होतं. आम्ही सगळे जेवून आलो. नवऱ्या मुलाने बादली धरली का, असं कोणी विचारलं नाही.

आता 'दिन' आणि 'दीन' घ्या. एक दिवस, दुसरा गरीब. पण बोलताना मराठी माणूस दोन्ही सारखेच ओढतो. जो फरक कानाला कधी ऐकूच येत नाही तो पोराने केवळ डोळ्यांनी पाठ करायचा, आणि चुकलं की छडी खायची! 'सूत' आणि 'सुत' यांची तर आणखी गंमत. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. पण विभक्ती लागली की दोघांचंही 'सुता' होतं. मग सुतावरून स्वर्गाला जायचं ते धाग्यावरून की मुलावरून? आमच्या आजीला दोन्ही अर्थ पटले असते.

बरं, अक्षर न अक्षर सारखं असलेले शब्द काय थोडे आहेत? पुढाऱ्याच्या गळ्यात पडतो तो हार आणि निवडणुकीत पदरी पडते तीही हार. नवरा मुलगाही वर, गच्चीही वर. इतक्या वर्षांत यावरून कोणाचा घोटाळा झाल्याचं ऐकलंत? शब्दाच्या मागेपुढे वाक्य असतं हो! ते अर्थ सांभाळतं.

शुद्ध लिहू नये असं मी म्हणत नाही. पुस्तकात, वर्तमानपत्रात, शाळेच्या फळ्यावर ते हवंच. आणि मामांना कोणी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर त्यांनीही आनंदाने दुरुस्त केलं असतं. पण जो माणूस पाणी नाही म्हणून ओरडतोय, त्याला आधी पाणी द्यावं, मग वेलांटी. आपल्याकडे वेलांटी आधी मिळते आणि पाणी मिळतच नाही.

त्या दिवसापासून मामांनी खडू हातात धरलेला नाही. गुरुवारी पुन्हा पाणी आलं नाही. टाकी कोरडी, फळा कोरा. तोंडाला साबण लावून चिटणीस जिन्यात उभे राहून विचारत होते, "अहो, कोणी लिहिलं कसं नाही?"