तार गेली, विवेक राहो!

१९७५ साली मुंबईच्या 'मिनर्व्हा'त 'शोले' पाहणाऱ्यांना सत्तर मिलिमीटरच्या पडद्याइतकेच स्टिरिओफोनिक ध्वनीचेही अप्रूप होते. आज तसा अनुभव दिवाणखान्यातच हवा, अशी हौस मध्यमवर्गाला लागली आहे. हौसेला मोल नसते हे खरे. पण तिला विचाराची जोड नको का?

'वायरलेस' या शब्दाला आपण भुलतो. मागच्या दोन स्पीकरांना ध्वनीची तार लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विजेची तार बहुधा लागतेच! मग प्लग सापडेल त्या कोपऱ्यात स्पीकर जाऊन बसतो. वास्तविक पाच स्पीकर व एक सबवूफर अशा मांडणीत ते ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंना, किंचित मागे, म्हणजे पडद्याच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर आणि कानांच्या जरा वर हवेत. एक मीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून यंत्रात भरावे लागते.

परंतु माझा खरा आक्षेप निराळाच आहे. चित्रपटातील संवाद मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्याची उपेक्षा करून भोवतालचा गडगडाट वाढवला, की आजीला कोण काय बोलले ते कळत नाही. ती मुकाट्याने उठून आत जाते. मग हे 'घरचे' चित्रपटगृह कसले?

तेव्हा मित्रहो, प्रथम एखादा साधा संवाद लावा, वडीलधाऱ्यांना तो नीट ऐकू येतो का ते विचारा, आणि मगच मागचा आवाज वाढवा. यंत्राची परीक्षा गडगडाटाने नव्हे, शब्दाने व्हावी.