काखेत कळसा, गावाला वळसा

भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. माजी मालगुजारी तलावच येथे चौदाशेच्या घरात आहेत. गावोगावच्या बोड्या निराळ्याच. अशा जिल्ह्यात जलविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्याससाहित्याची उणीव भासावी, हे ऐकावयास विचित्र वाटेल. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. पाणी दाराशी आहे; त्या पाण्याचे पुस्तक मात्र हाताशी नाही.

भूगर्भशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी अशा विषयांतून जलविज्ञान पदवीच्या विद्यार्थ्यापुढे येते. त्याचे प्रमाणग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत. शाळेत मराठीतून शिकलेली अर्जुनी मोरगाव वा सालेकसा भागातील मुलगी पाणी मुरण्याच्या वेगाचे सूत्र पाठ करते आणि परीक्षेत लिहितेही. पण पहिल्या पावसाचे पाणी जमिनीत झिरपते, चिखलणीनंतर मात्र तेच पाणी धानाच्या बांधीत टिकून राहते, हे तिने लहानपणापासून पाहिलेले दृश्य म्हणजेच ते सूत्र, हे तिला कोणी सांगत नाही.

दुसरी उणीव भाषेहूनही खोल आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसॉल्टच्या काळ्या कातळाचा. साहजिकच राज्यातील भूजलाची चर्चा त्या कातळाभोवती आणि अवर्षणप्रवण प्रदेशाभोवती फिरते. गोंदियाखालचे स्फटिकी खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. येथे भूजल वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत साठते. पाऊस वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक. तरीही उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. याचे उत्तर दुसऱ्या प्रदेशाच्या उदाहरणांतून कसे मिळणार?

वास्तविक या भूमीने आपले जलशास्त्र फार पूर्वीच घडविले. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पाळ कोठे घालावी, सांडवा किती उंच ठेवावा, एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात कसे उतरवावे, याचे ज्ञान त्यांनी भूमीचा उतार वाचून मिळविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे. मालकी बदलली, त्यासोबत गावाचा हातही सुटला. तलावांत गाळ साचला, बेशरम माजली आणि ज्यांना पाळीची नाडी कळत होती ती पिढी एकेक करून निघून चालली आहे.

हे ज्ञान ग्रंथात आणता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. गावच्या माधवराव पाटलांचे, ढिवरांचे, आदिवासींचे बोल त्यांनी विद्यार्थ्याच्या नम्रतेने टिपले आणि पुढे मराठीला पक्षिकोश दिला. जून २०२५ मध्ये ते गेले. पाखरांना कोश लाभला. पाण्याला अद्याप लाभावयाचा आहे.

कोणी म्हणेल, आता सर्व काही संगणकावर फुकट मिळते. खरे आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’ आणि ‘स्वयम्’वर आहेत, देशातील जलसंपत्तीची आकडेवारी ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’वर आहे. विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घ्यावाच, इंग्रजीही उत्तम शिकावी. परंतु आकडा दिसणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे. १८४७ साली रुरकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते गंगेच्या कालव्याचे काम समोर होते म्हणून. पुस्तक आणि पाणी तेथे शेजारी होते.

गोंदियात हे करण्यास मोठा निधी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने जवळचा एक तलाव दत्तक घ्यावा. पाळीजवळ मोजपट्टी रोवावी, पर्जन्यमापक बसवावा, परिसरातील दहा विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर नोंदवावी. पाच वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे या मातीचे पहिले पाठ्यपुस्तक होईल. पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंत्यांनी आणि प्राध्यापकांनी आठवड्यातील एक संध्याकाळ अभ्यासिकेला द्यावी. वृद्ध ढिवर आणि कोहळी शेतकरी यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. त्यांचे शब्द व शास्त्रीय संज्ञा शेजारी शेजारी मांडणारा छोटा कोश विद्यार्थ्यांनीच तयार करावा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषेचा आग्रह धरते; २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तो दर्जा केवळ गौरवसमारंभांपुरता राहू नये.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर पश्चिमेला नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. असे निर्णय योग्य की अयोग्य, कोणाचे किती पाणी, याचा हिशेब मांडण्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यातील मुले सिद्ध असली पाहिजेत. पूर्वजांनी शाळेविना तलाव बांधले. आपण शाळा बांधल्या. आता त्या तलावापर्यंत नेण्याचे कर्तव्य आपले आहे.