बियांचे वेळापत्रक शरीर पाळत नाही
पाळीच्या पहिल्या दिवसापासून १४ दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे १४ दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. ‘सीड सायकलिंग’ या नावाने समाजमाध्यमांवर फिरणारे हे वेळापत्रक अनियमित पाळी आणि पीसीओएसवरचा उपाय म्हणून सांगितले जाते. पहिली जोडी इस्ट्रोजेन सांभाळते, दुसरी प्रोजेस्टेरॉन, असा दावा.

त्यातला एक धागा खरा आहे. जवसातील लिग्ननपासून आतड्यातील जिवाणू इस्ट्रोजेनसारखी, पण क्षीण परिणामाची द्रव्ये तयार करतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित पाळी असलेल्या १८ स्त्रियांना जवसाची १० ग्रॅम पूड दिली, तेव्हा चक्राचा उत्तरार्ध थोडा लांबला. मात्र ती पूड रोज दिली होती, पंधरवडा पाहून नव्हे. शिवाय लिग्नन तिळातही भरपूर असते. मग ही वाटणी कशासाठी?

दुसरी अडचण चौदाव्या दिवसाची. २४ ते ३८ दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानले जाते. त्यानुसार स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस बदलतो. पीसीओएसमध्ये तर कित्येकदा ते बाहेर पडतच नाही. म्हणजे ज्यांना हा उपाय सुचवला जातो, त्यांनाच वेळापत्रक लागू पडत नाही.

जवसाची, तिळाची चटणी जेवणात जरूर असावी. पण तीन महिने पाळी आली नाही किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर बियांच्या भरवशावर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी लांबवू नये. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी इस्ट्रोजेनसदृश वनौषधींच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.