दप्तर आणि लोकभाषा

राजस्थानातील कोटकिराना येथे १९९४ च्या डिसेंबरात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावणीत सरकारी हजेरीपट मोठ्याने वाचले गेले आणि मजुरांनी त्यांतील खोट्या नोंदी तेथेच उघड केल्या. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे अशा सभांची प्रेरणा होती. त्या कायद्याचे कलम ४ माहितीच्या प्रसारात स्थानिक भाषेचा विचार करण्यास सांगते. २०१९ मध्ये राजस्थान शासनाने लोकसंघटनांच्या सहकार्याने ‘जन सूचना पोर्टल’ही सुरू केले. तथापि, दप्तर खुले झाले तरी ते सुबोध झालेच असे नाही. मजुराला न उमगणारी नोंद उघड असूनही गुप्तच राहते. शासन व समाज यांचे सहकार्य भाषेपाशी अडते. म्हणून शासकीय गद्याची चिकित्सा हेही साहित्याभ्यासकांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे.