क्रीडा मंडळांच्या सभासदांना जाहीर आवाहन

महाराष्ट्रातील तालमी, व्यायामशाळा आणि कबड्डी-खो-खोची मंडळे बहुतांशी लोकवर्गणीवर आणि विनामोबदला राबणाऱ्या कार्यकर्त्यांवर उभी आहेत, त्यामुळे तेथे येणाऱ्या मुलामुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा प्रशिक्षकाच्या चारित्र्याचा किंवा पोलिसांच्या तत्परतेचा प्रश्न होण्याआधी सभासदांच्या अधिकाराचा प्रश्न ठरतो. जी सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते आणि हिशेब मंजूर करते, तिलाच प्रशिक्षकाची नेमणूक कोणती चौकशी करून झाली, बाहेरगावच्या स्पर्धेला खेळाडूंसोबत कोण गेले आणि तक्रार असल्यास ती कोणाकडे करावयाची, हे विचारण्याचाही अधिकार आहे. तो अधिकार वापरला जावा, एवढ्यासाठीच हे आवाहन आहे.

खेळातील छळ समजून घेताना निवडीच्या सत्तेकडे प्रथम पाहावे लागते. राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, म्हणजेच संघात कोणाचे नाव घालावयाचे हे ठरवणाऱ्या व्यक्तीच्या हाती खेळाडूच्या शिक्षणाची आणि उपजीविकेचीही किल्ली असते. गरीब घरातील मुलीच्या बाबतीत ही सत्ता अधिकच जड होते, कारण वर्षानुवर्षांची मेहनत एका प्रमाणपत्राशी बांधलेली असते आणि तक्रार केल्यास नाव वगळले जाईल ही भीती निराधार नसते. त्यातच पकड शिकवताना, मल्लखांबावर आधार देताना किंवा दुखापतीवर मालीश करताना स्पर्श अपरिहार्य असल्याने गैरहेतूचा स्पर्श शिकवण्याच्या नावाखाली खपवणे सोपे जाते. आधी मुलाचा व पालकांचा विश्वास संपादायचा, खास सवलती द्यायच्या आणि मग त्या मुलाला इतरांपासून हळूहळू एकटे पाडायचे, ही अत्याचाराच्या पूर्वतयारीची जगभर आढळलेली रीत आहे. ती वेळीच ओळखली जात नाही, कारण बाहेरून ती गुरूच्या मायेसारखीच दिसते.

ऑलिंपिक पदक मिळवलेल्या महिला कुस्तीगिरालाही जानेवारी २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांची दखल घेतली जावी म्हणून सहकाऱ्यांसह दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. ज्यांचे नाव देशाला ठाऊक आहे त्यांची ही गत असेल, तर तालुक्याच्या मैदानावरील चौदा वर्षांच्या खेळाडूने कोणाकडे जावे, याचे उत्तर मंडळाकडे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे.

कायद्याची चौकट पुरेशी स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या संज्ञेत क्रीडासंस्था, क्रीडासंकुले आणि स्पर्धांची ठिकाणेही अंतर्भूत आहेत, आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत मोबदला न घेता स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. त्यामुळे ‘आमच्याकडे पगारी कोणीच नाही’ हे समर्थन टिकत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे, तर संख्या त्याहून कमी असेल किंवा तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. हा कायदा पुरुष खेळाडूंना संरक्षण देत नाही, म्हणून मंडळाची स्वतःची आचारसंहिता सर्वांना सारखीच लागू असावी.

अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पॉक्सो’, लागू होतो. त्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मंडळाचे नाव खराब होईल म्हणून ज्येष्ठांनी दोन्ही घरांना बोलावून प्रकरण मिटवणे आणि प्रशिक्षकाला गुपचूप दुसऱ्या गावी जाऊ देणे हा समंजसपणा नव्हे. तो कायद्याने गुन्हा आहे आणि पुढच्या गावातील मुलांशी केलेला द्रोह आहे. मंडळाचे नाव मुलांमुळे असते, मुले मंडळाच्या नावासाठी नसतात.

म्हणून येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची लेखी मागणी सभासदांनी करावी. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या क्रीडा प्रबोधिन्यांना २०२० च्या पॉक्सो नियमांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करण्यास सांगितले आहे. प्रत्येक तालमीने आणि व्यायामशाळेने ती आपणहून स्वीकारावी, मग वस्ताद कितीही जुने आणि आदरणीय असोत. निवड चाचणी एकाच व्यक्तीच्या हाती न ठेवता तिच्या गुणांची लेखी नोंद ठेवावी, मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असल्याशिवाय मुक्कामी दौरा काढू नये, प्रशिक्षकाने अल्पवयीन खेळाडूला बंद खोलीत एकटे भेटू नये आणि त्याचे भ्रमणध्वनीवरील निरोप पालकांनाही दिसतील अशाच गटावर यावेत. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि चौकशी चालू असताना त्याची संघातील जागा जाणार नाही, ही हमी ठरावातच असावी, कारण तिच्यावाचून बाकीचे नियम कागदावरच राहतात.

पालकांनी सराव पाहण्याची मुभा मागावी, आणि जेथे ती नाकारली जाते तेथे मुलांना पाठवू नये. संकटातील मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक मंडळाने दर्शनी भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, याच आठवड्यात रंगवून घ्यावेत.